कव्हर

हरभट रोडवर, चष्म्यांच्या दुकानाला लागून,
दोन फळ्या काढल्या की दुकान संपायचं
एवढंच ते दुकान.
आत दस्तगीर शिकलगार, गुडघे पोटाशी घेऊन,
आणि तीन भिंतींना रेकॉर्डी.

बापजाद्यांनी विळ्या-कात्र्यांना धार लावली,
हा सुया विकायचा.
"धार काय नि सुई काय," म्हणायचा,
"आमचं पोट टोकावरच चालतंय."

मी तेव्हा अडतीत, हळदीच्या काट्यावर.
सहाला सुटायचो तो पिवळा,
नखं पिवळी, बनियन पिवळा, थुंकीसुद्धा.
तो आधी माझे हात बघायचा, मग तोंड.
पायरीवर साबणाची चिपटी आणि तांब्या असायचा,
फक्त माझ्यासाठी.
"कडेनं धर. भाकरी न्हाई ती.
आरसा धरल्यागत धर."

घरी वाजवायला यंत्र नव्हतं.
त्याला ठाऊक होतं.
तरी दर पगाराला मी एक रेकॉर्ड घ्यायचो
आणि तिथंच ठेवून यायचो,
कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक 'म. खो.' लिहून.
मल्लाप्पा खोत.
गुरुवारी तो माझी मला ऐकवायचा.
सतरा झाल्या. अठरावीच्या आधी लग्न झालं.

मग कॅसेटी आल्या.
तो रेकॉर्डींवरून भरून द्यायचा, साठ मिनिटं, नव्वद मिनिटं.
लोक चिठ्ठीवर यादी आणायचे.
एका बाईनं खाली लिहिलं होतं:
शेवटी जागा उरली तर काहीही, पण रडकं नको.

त्या कॅसेटींच्या फिती पुढं तासगावकडं दिसल्या,
द्राक्षबागेत, पाखरं उडवायला ताणलेल्या.
वारा आला की भुणभुणतात म्हणे.
मी एस.टी.च्या खिडकीतून कान दिला,
ओळखीचं काही लागतंय का.
एस.टी.त काय ऐकू येणार.

दोन हजार पाचला कृष्णा दुकानात शिरली
ती पार माळ्यापर्यंत.
पाणी उतरल्यावर फळ्या काढल्या तर
कव्हरांचा लगदा,
मधले गोल कागद सुटून भिंतीला चिकटलेले,
आणि तबकड्या शाबूत.
गाळात उभ्या, ताटाळ्यातल्या ताटांसारख्या.
नावं तेवढी गेली होती.

दस्तगीर पायरीवर बादली घेऊन एकेक धूत होता,
कडेनं धरून.
"मल्लाप्पा, तुझ्या कुठल्या, माझ्या कुठल्या,
कुणाला ठावं. उचल सतरा."
मी एकच उचलली.
का, ते अजून सांगता येत नाही.
दिवाळीच्या आधी तो गेला.

यंदा मुलीनं प्लेअर आणला.
"बाबा, परत निघालेत हे."
मी तीच लावली.
बराच वेळ खरखर.
खाचांतून नदी बोलत होती असं म्हणणार होतो,
पण नुसती खरखर होती.
मग एक बाई गायला लागली.
मी तिला ओळखत नाही.
माझ्या सतरांत ती नव्हती.

रोज लावतो. एकच बाजू.
दुसरी अजून उलटून बघितली नाही.

काल हरभट रोडला गेलो.
दुकान आहे, मोबाईलचं.
नातू बसतो, तसेच गुडघे पोटाशी.
"कव्हर पायजे होतं."
"कुठलं मॉडेल, काका?"
मी पिशवीतून काढून दाखवली.
तो हसला नाही.
हात पँटीला पुसले
आणि कडेनं धरली.
कुणी शिकवलं, विचारायचं राहून गेलं.

चार्जरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, दुमडला,
तीन बाजूंना स्टेपलच्या पिना.
"वर काय लिहू?"
म्हटलं, कोपऱ्यात फक्त 'द. शि.', बारीक, पेन्सिलनं.

पेन्सिल नव्हती त्याच्याकडं.
बॉलपेननं लिहिलं.
वीस रुपये घेतले.